भुंगा डावीकडनं

दुकानाच्या मागच्या खोलीत मी डोळ्यांवर ओढणी बांधून टीव्ही गेम खेळत बसले होते, तेव्हा आमचे हे आत आले आणि दारातच थबकले.

"पंचेचाळिशीत आंधळी कोशिंबीर?"

"गिऱ्हाईक बघा," मी म्हणाले. "आणि मशीनमध्ये कागद अडकलाय तो काढा."

आमचे हे म्हणजे विश्वजीत. स्वभावानं गरीब. सांगलीत विश्रामबागेला कॉलेजच्या तोंडावर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, ते आम्ही दोघं मिळून चालवतो. मागची खोली मात्र माझी. तिथं एक जुना फुगीर टीव्ही आहे, टीव्हीला जोडायचे गेमचे डबे आहेत, हातात धरून खेळायचे लहान डबे आहेत आणि कॅसेटींचा ढीग आहे. बायका साड्या जमवतात, फार तर तांब्याची भांडी. मी हे जमवते. कुणी नाक मुरडलं तर सांगते, व्यसन आहे, पण तंबाखूपेक्षा बरं.

त्या दिवशीची ओढणी मात्र व्यसनापायी नव्हती. सकाळीच विट्याहून वहिनीचा फोन आला होता.

"वन्सं, तुमच्या दादानं इंजेक्शन घ्यायचं सोडलंय. मी सुई घिऊन गेले की हात झिडकारत्यात. काय करू सांगा."

नाथाजी माझा थोरला भाऊ. मदुराईत त्याचं गलाईचं दुकान होतं. सराफांचं मोडीचं सोनं आटवायचं, तेजाबात, म्हणजे कडक ॲसिडात, घालून त्यातला हिणकस काढायचा आणि शुद्ध करून परत द्यायचं. आमच्या विटा भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, इथल्या घराघरातला एखादा माणूस कुठल्या तरी लांबच्या शहरात भट्टीपुढं बसलेला असतो. आमचे वडील बसले, त्यांच्यामागं दादा बसला. मग साखरेनं त्याचे डोळे नेले. आधी एक गेला, मग दुसरा. मिरजेला ऑपरेशन झालं, लेसर झालं, उपयोग झाला नाही. दुकान चुलतभावाच्या हवाली करून दादा गावी आला आणि पुढच्या सोप्यातल्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडला.

त्याला आम्ही सगळ्यांनीच पाडलं, हे मला आता कळतं. पाणी घ्यायला उठला की वहिनी म्हणायची, आवं बसा तुमी. गोठ्याकडं निघाला की पोरं म्हणायची, आप्पा बसा. मी सांगलीहून जायची, तीही तेच म्हणायची, दादा तू बस. सगळ्यांची माया उतू जात होती आणि माणूस बसून बसून संपत चालला होता. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन चुकवलंत तर आता किडनीचा नंबर आहे. मी फोनवर दादाला खूप बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कशाला जगायचं, शाले? बसायला?"

मी फोन ठेवला, मागच्या खोलीत जाऊन बसले, आणि समोर कॅसेटींचा ढीग होता. तिथं मला भुंगा आठवला.

आम्ही लहान असताना मदुराईत आमच्या दुकानाच्या गल्लीच्या टोकाला व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. अंधारी, घामट खोली आणि भिंतीला लागून कपाटाएवढी मशिनं. दादा शाळा सुटली की तिथं. जेवायला बोलवायला आई मला पाठवायची आणि मग मीही तिथंच. त्याचा गेम ठरलेला होता. काळा पडदा, खाली एक बंदूक, वर पोळं. पोळ्यातनं भुंगे सुटतात आणि तुमच्यावर झेप घेतात. त्याचं खरं इंग्रजी नाव मला तिशी ओलांडल्यावर कळलं. आम्हा भावंडांना तो भुंगाच. मी स्टुलावर उभी राहून बोंबलायची, "डावीकडनं! उजवीकडनं!" दादा म्हणायचा, "वरडू नगंस, मला ऐकू येऊ दे."

ऐकू येऊ दे, असं का म्हणतो ते मला कळायचं नाही. मग एके दिवशी ऐन खेळात मशीनचा पडदा गेला. दिवे होते, आवाज होता, फक्त चित्र विझलं. पार्लरवाला अण्णा नाणं परत द्यायला पुढं झाला, तर दादानं कोपरानं त्याला मागं सारलं. आणि त्या काळ्या काचेसमोर तो खेळत राहिला. दांडी डावीकडं, दांडी उजवीकडं, बटण. पार्लरमधली सगळी पोरं भोवती जमली. मागाहून त्यानं मला सांगितलं, डावीकडनं भुंगा सुटला की जाड घुमतो, उजवीकडनं सुटला की बारीक शिट्टी मारतो. झेप सुरू व्हायच्या आत आवाज येतो. डोळे नुसते गोंधळ घालतात.

माझा भाऊ न बघता खेळत होता, डोळे होते तेव्हासुद्धा. म्हणजे आताही खेळेल. मला एवढंच हवं होतं, की कुणी त्याला 'बस' म्हणणार नाही अशी एक गोष्ट त्याच्या हातात यावी.

ते कपाटाएवढं मशीन आता मिळणं शक्य नव्हतं. पण भुंगा घरी खेळायच्या कितीतरी रूपांत निघाला होता आणि त्यातली बरीच माझ्याकडं होती. आजवर मी त्यांची तुलना करायची ती डोळ्यांनी. कुठल्या कॅसेटमधलं पोळं मूळच्यासारखं पिवळं आहे, कुठल्यात भुंग्याचे पंख हलतात, हातातल्या डब्याच्या एवढ्याशा पडद्यात किती भुंगे बसवलेत. यावर मी इंटरनेटवरच्या ग्रुपांत परक्या लोकांशी तावातावानं भांडले आहे. आता ओढणी बांधून ऐकायला बसले, तर सगळा हिशेबच उलटा झाला.

माझी सगळ्यात लाडकी, देखणी कॅसेट पहिल्या फटक्यात बाद. तिच्यात दोन्हीकडचे भुंगे एकाच सुरात घुमत होते. ज्यानं ती बनवली त्याला डोळे होते, कान नव्हते. हातातला करड्या पडद्याचा डबा नुसता टिकटिक करायचा. मोबाईलवरचा भुंगा तर विचारूच नका, त्यात इतकं ढॅणढॅण संगीत घुसडलंय की मेलेल्याला जाग येईल, पण भुंगा ऐकू येणार नाही, वर मधेच जाहिरात. दांडीतच गेम भरलेला एक प्रकार येतो, त्यात आवाज दोन निराळे होते, पण झेप सुरू झाल्यावर यायचे. तोवर माणूस मेलेला.

कोइमतूरच्या एका माणसाकडून घेतलेली एक विटकी कॅसेट होती. वरचं चित्र फाटलेलं, नकली माल. ती मी आजवर कोपऱ्यात टाकून ठेवली होती. तिला लावलं आणि डावीकडनं तो जाड आवाज आला. मी दांडी फिरवली. मग बारीक शिट्टी, मी उजवीकडं. ओढणीखाली माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी त्या पार्लरमध्ये होते आणि आई जेवायला बोलवत होती.

तरी मनाची पक्की खात्री होईना. इतक्या वर्षांपूर्वीचा आवाज, मला वाटतो तसाच होता का? याचा पंच एकच होता आणि तो विट्याला भिंतीकडं तोंड करून पडला होता. मग मी ठरवलं की सगळ्याच कॅसेटी न्यायच्या. एकेक लावायची आणि त्यानंच सांगायचं, ही नव्हे, ही नव्हे, हीच. त्यात त्याचा एखादा आठवडा जाईल. त्याला काहीतरी ठरवायला मिळेल.

धूळ बसून कॅसेटी धड लागत नव्हत्या, म्हणून मी एकेकीचं प्लास्टिकचं कवच उघडलं, आतल्या सर्किटच्या पट्टीची सोनेरी कड स्पिरिटनं पुसली, आणि पुन्हा स्क्रू मारत बसायचा कंटाळा करून पट्ट्या तशाच उघड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. कडेला खूण म्हणून कोइमतूरवालीला लाल दोरा बांधला. बॅग भरली आणि रविवारी एसटी पकडली. तासगावच्या पुढं बेदाण्याच्या शेडवर शेड लागत होत्या. मी मांडीवर बॅग धरून, नवस फेडायला निघाल्यासारखी बसले होते.

विट्याला गेले तर फजिती. घरचा टीव्ही नवा, पाटीसारखा चपटा. त्याला माझ्या जुन्या डब्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना घालायला भोकंच नव्हती. मधे लावायचा कन्व्हर्टर मागवावा लागणार होता. दादा झोपल्याचं सोंग घेऊन पडला होता. त्याला आधी सांगून ठेवावं तर मजा जाईल, आणि तो 'नगं' म्हणाला तर सगळंच मुसळ केरात. म्हणून टीव्हीला जोडायचा डबा मी कपाटावर ठेवला, पट्ट्यांची बॅग कॉटखाली सारली आणि वहिनीला म्हणाले, "दादासाठी आणलंय. पुढच्या रविवारी येते मी, तोवर असू दे."

गुरुवारी वहिनीचा फोन. मी धसकूनच उचलला.

"वन्सं, इंजेक्शन घ्यायला लागलं! आपनहून! सकाळी सातला मलाच हाका मारत्यात, सुई आण म्हणून. दोन भाकरी खाल्ल्या काल. तुमी त्या बॅगंत काय आणलंत, देवानंच बुद्धी दिली बगा तुमास्नी."

"पण बॅग... टीव्हीला तर लागत नाही ते."

"टीवीचं काय? तुमी या तर. त्यांनी सांगू नगं म्हटलंय."

मी चक्रावले. वाटलं, एखाद्या भाच्यानं कुठून तरी जुना टीव्ही आणला असेल. मग वाटलं, असेना का, दादा खेळतोय! आमच्या ह्यांना मी त्या दिवशी दुकानात सगळ्यांदेखत पेढा भरवला. रविवारी कन्व्हर्टर पर्समध्ये टाकून निघाले.

घराच्या फाटकातच वास आला. नाकात शिरून घशाला झोंबणारा, लहानपणी आमच्या कपड्यांनाही यायचा तो. तेजाबाचा वास.

दादा कॉटवर नव्हता. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, दार उघडं टाकून, वाऱ्याकडं पाठ करून बसला होता. कित्येक महिन्यांनी दाढी केलेली. समोर काचेची बरणी, चिमटा, पत्रा कापायची कात्री. आणि पायाशी माझ्या पट्ट्या. हिरव्या, तपकिरी, सगळ्या कडेनं कापलेल्या. एकीला लाल दोरा होता. तिचीही कड गेली होती.

"शाले, आलीस व्हय?" पावलावरनंच त्यानं ओळखलं. "ये, ये. तितंच थांब जरा, वाफ हाय."

मी दाराला धरून उभी राहिले.

"बॅगंत हात घातला आन् कळलं मला," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका मोकळा मी मदुराई सुटल्यापासून ऐकला नव्हता. "कडंला बोट लावलं. म्हटलं, सोनं हाय हे. पातळ हाय, पर सोनंच. एवढ्या पट्ट्या गोळा करायला तुला किती दीस लागलं असतील गं? पुसून-बिसून आणलीस. आगं, सगळी मला बस म्हणत्यात. तू एकटीनं काम आणलंस."

वहिनी मागं येऊन उभी राहिली होती. हळूच म्हणाली, "मी नगंच म्हणत हुते वन्सं. पर ह्यांनी मल्हार सोनाराच्या दुकानातनं तेजाब आणाय लावलं, म्हटलं, माज्या भणीनं काम दिलंय, ते करायला अंगात जीव पायजे, सुई आण. मग मी काय बोलू? सोनं आटवताना बत्ती मीच धरली."

खरं तर यात चुकीचं काय होतं? गलाईच्या घरात कुणी बॅगभर सोनेरी कडेच्या पट्ट्या आणून ठेवल्या, तर दुसरं काय समजायचं? दुसऱ्या कुठल्याही घरात त्यांनी त्या अडगळीत टाकल्या असत्या आणि त्या वाचल्या असत्या. मला भयंकर राग आला. दादाचा, वहिनीचा, त्या चपट्या टीव्हीचा, आणि स्क्रू मारायचा कंटाळा करणाऱ्या बाईचा तर सगळ्यात जास्त.

"दिसत नसताना तेजाब कसं रं ओतलंस, दादा?" एवढंच मी विचारलं. "भाजलं असतं म्हणजे?"

"ऐकून." तो हसला. "तेजाब तांबं खातंय तवर बोलतंय बग. चुरचुरतंय, फसफसतंय. हळूहळू बारीक हुतंय. पार गप झालं की समजायचं, खायाचं ते खाल्लं, आता सोनं तेवढं उरलं. डोळं हुतं तवाबी मी कानानंच करायचो. डोळं नुसता घोळ घालत्यात."

मी खाली बसले. त्याला ऐकून खेळता यावं म्हणून मी ओढणी बांधून बसले होते, आणि तो माझाच खेळ तेजाबात घालून ऐकत बसला होता. हसावं की रडावं तेच समजेना.

त्यानं खिशातनं कागदाची पुडी काढली आणि माझ्या तळहातावर रिकामी केली. मोहरीएवढा सोन्याचा मणी. पुढं केलेल्या हाताची बोटं टोकाशी पिवळी पडली होती, वडिलांची असायची तशी.

"तुजं हाय. बग, हात अजून चालतोय."

"चालतोय की," मी म्हणाले. "एकदम चोख हाय."

मणी मी मुठीत धरला. माझी दहा-बारा वर्षं, ग्रुपांतली भांडणं, कोइमतूरचा तो जाड आवाज, सगळं त्या मुठीत मावलं होतं आणि त्याचं वजनसुद्धा लागत नव्हतं.

दादा बरणीचं झाकण चाचपत होता. चाचपता चाचपता म्हणाला, "कसल्या गं हुत्या पट्ट्या? काँप्युटरच्या?"

"टीव्ही गेमच्या कॅसेटी." तोंडातनं निघून गेलं.

त्याचा हात थांबला. "आपल्या वेळच्या?"

"हूं."

"मग त्यात आपला भुंगा हुता का?"

पायाशी तो लाल दोरा पडला होता. वहिनीला भुंगा माहीत नव्हता, पण माझा चेहरा दिसत होता. तिनं पदर तोंडाला लावला. मी मनात म्हटलं, सांग. भाऊ आहे, पोर नाही. सांगून टाक, दोघं मिळून रडा. आणि मग उद्या सकाळी सात वाजता सुई कोण मागणार?

"न्हाई," मी म्हणाले. "भुंगा न्हवता त्यात."

त्यानं मान किंचित कलती केली. डावी-उजवीकडचा भुंगा ओळखणारा तो कान माझ्याकडं होता. त्याला कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"बरं झालं," शेवटी तो म्हणाला. "कवा घावला, तर त्यो आटवायला आणू नगंस. माज्यासाठी ठिव. एकदा ऐकायचाय मला."

"ठिवते," मी म्हणाले.

जेवायला बसायच्या आधी वहिनीनं सुई आणली तेव्हा त्यानं स्वतःच सदरा वर केला, आणि सुई टोचत असताना मला म्हणाला, "परत माल घिऊन कवा येतीस?" वहिनी माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि आर्जवही होतं. आंधळ्या माणसाला तेजाब पुरवायचं, हे पाप की पुण्य, तिलाही कळत नव्हतं आणि मलाही नाही.

"पुढच्या रविवारी," मी म्हणाले. "पर वैनी जवळ असल्याबिगर बरणी उघडायची न्हाई. हातमोजं आणते मी, ते घालायचं."

"घालतो की. तू काम आण."

जेवण झाल्यावर मी पर्स उचलून निघाले. शेडजवळनं जाताना मागनं त्याची हाक आली, "शाले, डावीकडनं जा! उजव्या हाताला बरणी ठिवलीया."

मी डावीकडनं गेले. फाटकाबाहेर गेल्यावर मात्र मला पुढं चालवेना. तिथं उभी राहून मी मनसोक्त रडले.

एसटीत बसल्यावर मोबाईल काढला आणि सगळ्या ग्रुपांवर लिहून टाकलं: जुन्या कॅसेटी पाहिजेत, बंद पडलेल्या चालतील, फुटक्या चालतील. लोकांनी लगेच विचारलं, बंद पडलेल्या कशाला? मी त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली. भुंग्याची कॅसेट कुणाकडं असेल तर चित्र पाठवू नका. आवाज पाठवा.